गुप्तहेराच्या पावलांनी

लंडनच्या बेकर स्ट्रीटवर १९३२ साली घरासाठी कर्ज देणाऱ्या एका संस्थेने आपले मुख्य कार्यालय उभारले. ॲबे रोड बिल्डिंग सोसायटी हे तिचे नाव. पुढे विलीनीकरणानंतर ती ॲबे नॅशनल म्हणून ओळखली जाऊ लागली. नव्या इमारतीच्या वाट्याला २१९ ते २२९ हे घरक्रमांक आले आणि त्यांबरोबर एक अनपेक्षित कामही संस्थेच्या गळ्यात पडले. ठेवीदारांच्या आणि कर्जदारांच्या टपालात 'शेरलॉक होम्स, २२१ बी, बेकर स्ट्रीट' या पत्त्यावरची पत्रे येऊ लागली. संस्थेने ती शेरा मारून परत पाठवली नाहीत. उत्तरे लिहिण्यासाठी तिने एक सचिव नेमला आणि हा क्रम अनेक दशके चालू ठेवला. ज्याचे खाते नाही, ठेव नाही, ज्याचा जन्मच कधी झाला नाही, अशा गृहस्थाचा पत्रव्यवहार एका वित्तसंस्थेने पगारी माणूस ठेवून सांभाळावा! हा खर्च हिशेबाच्या वहीत कोणत्या खात्यावर पडत असेल, असा प्रश्न व्यापारी मनात आल्याशिवाय राहत नाही. संस्थेला मात्र तो वाया गेल्यासारखे वाटले नसावे. १९९९ साली बेकर स्ट्रीट स्थानकाबाहेर होम्सचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला, त्याचा खर्चही तिनेच उचलला.

गंमत अशी की आर्थर कॉनन डॉइल यांनी होम्सची पहिली कादंबरी लिहिली, ती १८८७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा बेकर स्ट्रीटवर २२१ हा क्रमांकच अस्तित्वात नव्हता. रस्ता लांबला, क्रमांक वाढले आणि कल्पित पत्त्याला खरी भिंत मिळाली ती नंतर. डॉइलही त्या वेळी लंडनमध्ये राहत नव्हते. पोर्ट्समथजवळच्या साउथसी येथे त्यांचा दवाखाना होता. तरीही आज जगभरातून माणसे त्या रस्त्यावर येतात, १९९० साली सुरू झालेल्या संग्रहालयापुढे रांगेत उभी राहतात आणि होम्सच्या कथांतील ठिकाणे शोधत लंडन पायाखाली घालतात. राजवाडे आणि स्मारके पाहणाऱ्या प्रवाशाला शहराचा दर्शनी भाग दिसतो. रहस्यकथेचा माग काढणाऱ्याला गल्ल्या, तळघरे, गहाणवटीची दुकाने, बँकेच्या मागच्या भिंती, स्थानके आणि खाणावळी पाहाव्या लागतात. शहर ज्यांवर चालते ती ठिकाणे बहुधा हीच असतात.

व्यापारी कुटुंबांनी या दृष्टीने 'रेड-हेडेड लीग' ही १८९१ सालची कथा अवश्य वाचावी. जेबेझ विल्सन हा सॅक्स-कोबर्ग चौकातला गहाणवटीचा छोटा सावकार. त्याच्या दुकानात एक हुशार नोकर आहे आणि तो अर्ध्या पगारावर राजीखुशीने काम करतो आहे. पेढीवर बसलेल्या कोणत्याही अनुभवी माणसाच्या भुवया येथेच उंचावतील. विल्सनच्या मात्र उंचावत नाहीत, त्याला स्वस्त नोकर मिळाल्याचा आनंद असतो. त्याच नोकराच्या सांगण्यावरून विल्सन रोज काही तास दुसऱ्या कार्यालयात जाऊन बसू लागतो. तेथे काम काय, तर ज्ञानकोश उतरवून काढणे! मोबदला आठवड्याला चार पौंड. एके दिवशी कार्यालय अचानक बंद होते आणि गोंधळलेला विल्सन होम्सकडे येतो.

होम्स काय करतो? तो भुयारी रेल्वेने ऑल्डर्सगेट स्थानकापर्यंत जातो. या स्थानकाला आज बार्बिकन म्हणतात. चौकात पोहोचल्यावर दुकानासमोरच्या फरसबंदीवर तो काठी आपटून पाहतो. तळघर रस्त्याच्या बाजूला पसरले आहे की मागे, याची ती चाचणी असते. नोकराला दार उघडायला लावून त्याच्या पँटचे गुडघे पाहतो. मग कोपरा वळून मागच्या मोठ्या रस्त्यावर जातो आणि तेथील दुकानांचा क्रम मनात बसवतो: तंबाखूवाला, वर्तमानपत्रांचे दुकान, बँकेची शाखा, शाकाहारी उपाहारगृह, घोडागाड्यांचा कारखाना. क्रम लक्षात येताच उलगडा होतो. सावकाराच्या तळघरापासून बँकेच्या तिजोरीपर्यंत भुयार खणले जात होते आणि मालकाला त्यासाठीच दुकानातून दूर ठेवले होते. तिजोरीत फ्रान्सच्या बँकेकडून आणलेली ३०,००० सोन्याची नाणी होती. विल्सनने त्या जागेत धंदा केला. पण आपल्या दुकानाच्या पाठीशी काय आहे, याचा विचार त्याने कधी केला नाही. होम्सने तो काही मिनिटांत केला.

त्या यादीतले शाकाहारी उपाहारगृह हे डॉइल यांनी गंमत म्हणून घातलेले नाही. त्या काळी लंडनच्या त्या भागात अशी उपाहारगृहे खरोखर होती. १८८८ साली लंडनला गेलेल्या मोहनदास गांधींना पोटभर जेवण मिळाले ते ऑल्डर्सगेटपासून फार दूर नसलेल्या फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या अशाच एका ठिकाणी. मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा निघण्यापूर्वी त्यांना दिली होती ती बेचरजी स्वामी या जैन साधूंनी. होम्सची ही कथा छापून आली तेव्हा गांधी नुकतेच बॅरिस्टर होऊन मायदेशी परतले होते.

लंडन दूर आहे. आपल्या मुलखात असे कथांचे नकाशे आहेत का? आहेत, आणि त्यांतले काही अनपेक्षित हातांनी रेखाटलेले आहेत.

मराठी वाचकाला पहिले नाव आठवेल ते बाबूराव अर्नाळकरांचे. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या आणि झुंजार, धनंजय, काळा पहाड ही नावे विदर्भातल्या वाचनालयांपर्यंतही पोहोचवली. शाळेच्या पुस्तकाआड ठेवून त्या वाचल्या नाहीत असा माणूस त्या पिढीत सापडणे कठीण. मात्र त्यांच्या कथांचा जीव वेगात आहे. रस्त्याचे नाव वाचून होईपर्यंत झुंजार पुढच्या रस्त्याला लागलेला असतो. पत्ते शोधत फिरावे अशी ती पुस्तके नाहीत, एका बैठकीत संपवावी अशी आहेत.

मुंबईचा दुसरा गुप्तहेर नावाने अस्सल मराठी, पण जन्माने इंग्रज: इन्स्पेक्टर गणेश घोटे. त्याचे जनक एच. आर. एफ. कीटिंग यांनी 'द परफेक्ट मर्डर' ही पहिली घोटेकथा १९६४ साली प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी भारत पाहिलेलाही नव्हता. नकाशे, पुस्तके आणि ऐकीव माहिती यांच्या आधारे त्यांनी आपली मुंबई उभी केली. प्रत्यक्ष मुंबईत पाऊल ठेवायला पुढे सुमारे दहा वर्षे गेली. १९८८ साली या कथेवर चित्रपट निघाला आणि नसीरुद्दीन शाह यांनी घोटे रंगवला. दुरून लिहिलेल्या शहरात चुका राहतातच. तरी वरिष्ठांपुढे दबणारा, घरी बायकोची बोलणी खाणारा आणि तपास मात्र न सोडणारा हा साधा पोलीस अधिकारी पटतो.

तिसरा गुप्तहेर बंगाली आहे, पण त्याच्यावर महाराष्ट्राचाही काही हक्क लागतो. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ साली ब्योमकेश बक्षीची पहिली कथा लिहिली. ब्योमकेशला स्वतःला 'डिटेक्टिव्ह' म्हणवून घेणे रुचत नाही. तो स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणतो. त्याचे बिऱ्हाड कोलकात्याच्या हॅरिसन रोडवर, म्हणजे आजच्या महात्मा गांधी रोडवर. हा रस्ता सियालदहकडून हावड्याच्या पुलाकडे जाताना बडाबाजारातून जातो, आणि कापडाच्या व्यापारामुळे बडाबाजार हे नाव इतवारीला नवे नाही. विद्यार्थिदशेत शरदिंदु त्याच रस्त्यावरच्या एका मेसमध्ये राहत होते. १९३८ साली ते बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले. मध्यंतरी पंधरा वर्षे ब्योमकेश गप्प होता. १९५२ साली चित्रपटसृष्टी सोडून शरदिंदु पुण्यात स्थायिक झाले आणि पुढच्या बहुतेक ब्योमकेशकथा त्यांनी तेथेच लिहिल्या. बासू चटर्जींच्या १९९३ सालच्या दूरदर्शन मालिकेत नागपूरच्या घराघरांनी जे कोलकाता पाहिले, त्याचा मोठा भाग पुण्याच्या लेखणीतून उतरला होता. याच लेखकाने शिवाजी महाराजांच्या सैन्यातील सदाशिव नावाच्या मुलाच्या गोष्टी बंगाली बालवाचकांसाठी लिहिल्या, हेही सांगायला हवे.

त्यांची 'शैलरहस्य' ही १९५९ सालची कथा महाबळेश्वरात घडते. हंगाम नसताना ब्योमकेश एका जवळजवळ रिकाम्या हॉटेलात उतरतो आणि कोलकात्यातील मित्र अजितला पत्राने सारी हकीकत कळवतो. थंडी, धुके, दरी हे सगळे आहेच. पण कथेच्या मुळाशी आहे भागीदारी. एका हॉटेलचे दोन भागीदार, त्यांच्यातील हिशेब आणि एक जुना गुन्हा. शेवट येथे सांगणे बरे नव्हे. महाबळेश्वरला जाणाऱ्या कुटुंबाने ती सोबत न्यावी आणि बाजारपेठेतल्या एखाद्या जुन्या हॉटेलच्या व्हरांड्यात बसून वाचावी. भागीदारीचा करार कागदावर असणे का आवश्यक असते, हे मुलांना समजावण्याचा याहून रंजक मार्ग सापडणार नाही.

कोलकाता आणि मुंबई यांच्यामध्ये नागपूर आहे, ही गोष्ट शाळेच्या नकाशावरून सर्वांना ठाऊक असते, पण रहस्यकथांच्या संदर्भात ती कोणी लक्षात घेत नाही. मुंबईकडून येणारी रेल्वे १८६७ साली नागपुरात पोहोचली. बेंगाल नागपूर रेल्वेचा नागपूर-आसनसोल मार्ग १८९१ साली पूर्ण झाला; ज्या वर्षी होम्स ऑल्डर्सगेटला उतरला तेच हे वर्ष. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, रात्रीची टपाल-विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या दिशेने परत उडत. चार शहरांची गुपिते एका धावपट्टीवर शेजारी शेजारी ठेवलेली! एखाद्या रहस्यकथाकाराला याहून चांगले स्थळ काय हवे होते? पण नागपूरच्या नावाशी होम्ससारखे, ब्योमकेशसारखे एखादे नाव जोडले गेले नाही. गुप्तहेर नागपुरावरून गेले, येथे उतरले नाहीत.

म्हणून नागपूरकराने कथेचा माग काढत जायचे तर पहिला मुक्काम वेरूळ. समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूर ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर पहाटे निघून दुपारच्या आत कापता येते. तेथून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. लेणी मंगळवारी बंद असतात, एवढे लक्षात ठेवावे. आणि निघण्यापूर्वी घरातल्या मुलांच्या हाती सत्यजित राय यांची, १९७३ साली प्रथम प्रसिद्ध झालेली कैलास लेण्याची फेलूदाकथा द्यावी. फेलूदाच्या कथा मराठीत आणल्या त्या पत्रकार अशोक जैन यांनी. त्यांचे मराठी सहज आणि मुलांना झेपणारे आहे.

कथेची सुरुवात होते चोरीने. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरावरील एका यक्षीचे शिर कोणीतरी तोडून विकले आहे. ही बातमी फेलूदाला देतात सिधू जेठा. या गृहस्थांनी उमेदीच्या काळात नाना व्यवसाय केले, पैसा मिळवला आणि गमावलाही; आता ते पुस्तके वाचतात आणि वर्तमानपत्रांतली कात्रणे जपतात. शिर पाहताच ते कोठले आहे हे त्यांना कळते, कारण ते मंदिरावर असताना त्यांनी नीट पाहिलेले असते. विकत घेणारा परदेशी आहे, सौदा झालेला आहे, कागदोपत्री काही नाही. एका माणसाची स्मरणशक्ती एवढाच पुरावा. फेलूदाचा तपास तेथून निघून वेरूळला पोहोचतो, कारण चोरांचा पुढचा डोळा कैलासावर आहे.

कथेच्या वर्षाकडे वळून पाहण्याजोगे आहे. सांस्कृतिक संपत्तीच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० सालचा. भारताचा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ सालचा, आणि तो प्रत्यक्ष अंमलात आला ५ एप्रिल १९७६ रोजी. राय यांची कथा या दोहोंच्या मध्ये आली. किशोरवयीन वाचकांसाठी दिवाळीसारख्या पूजेच्या अंकात लिहिलेल्या गोष्टीत एवढा ताजा आणि गंभीर विषय घेणे हे धाडसच होते. आजही ती जुनी वाटत नाही, हे मात्र फारसे अभिमानाने सांगण्यासारखे नाही.

कथा वाचून वेरूळला गेलेले मूल कैलासासमोर उभे राहते तेव्हा त्याची नजर वेगळी असते, हे पालकांनी अनुभवून पाहावे. एरवी आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात डोंगर वरून खाली कोरत काढलेले हे मंदिर पाहताना माणूस थक्क होतो, छायाचित्र काढतो आणि पुढे सरकतो. फेलूदा वाचलेले मूल प्रश्न विचारते. या मूर्तीचा हात कधी तुटला? तुटलेली कड जुनी काळवंडलेली आहे की नवी पांढरी? येथून शिर घेऊन पळायचे तर वाट कोणती, आणि पहारेकऱ्याला ते कोठून दिसेल? तुटलेल्या कडेचा रंग हा तर पुरातत्त्वातलाच प्रश्न आहे. मुलाला तो गुप्तहेराने शिकवला.

मग तेच मूल घेऊन उत्तरेकडे सुमारे दीड किलोमीटरवर असलेल्या ३० ते ३४ या जैन लेण्यांकडे जावे. बहुतेक सहली कैलासापाशी दमतात आणि येथवर येतच नाहीत. ३२ क्रमांकाची इंद्रसभा दुमजली आहे. छतावर रंगाचे अवशेष आहेत, वेली चढलेले ध्यानस्थ बाहुबली आहेत, सप्तफणा छत्राखालचे पार्श्वनाथ आहेत, यक्ष-यक्षी आहेत. समाजातील कुटुंबे येथे येतात ती दर्शनाच्या भावनेने, आणि ते योग्यच आहे. पण दर्शनाला एक सवय अशी जडलेली असते की डोळे मिटतात. हात जोडून झाल्यावर दहा मिनिटे डोळे उघडे ठेवून पाहावे. यक्षीच्या हातात काय आहे, वाहन कोणते, डावीकडच्या स्तंभावरची नक्षी उजवीकडच्याशी जुळते का. डोंगराच्या वरच्या अंगाला पार्श्वनाथांची मोठी मूर्ती आहे. तिच्यावरच्या लेखात शके ११५६, म्हणजे इसवी सन १२३४ च्या सुमाराची नोंद आहे. मूर्ती कोणी करविली त्याचे नाव, गाव आणि वर्ष, सारे दगडावर लिहून ठेवणारे ते दाते हिशेबाचे पक्के असले पाहिजेत.

नोंदीचे मोल किती असते, याचे उदाहरण तमिळनाडूतील श्रीपुरंदान या गावचे. तेथील जुन्या मंदिरातील चोळकालीन नटराजाची कांस्यमूर्ती चोरीस गेली. मंदिर फारसे उघडले जात नसे, त्यामुळे मूर्ती नाही हे कळायलाच उशीर झाला. तोवर ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने २००८ साली सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरला विकत घेतलेली होती. ती श्रीपुरंदानचीच आहे हे सिद्ध झाले ते पुदुच्चेरी येथील फ्रेंच संस्थेच्या संग्रहातील छायाचित्रांमुळे. पूर्वी कधीतरी कोणीतरी त्या आडगावी जाऊन तिची छायाचित्रे काढून ठेवली होती. २०१४ साली मूर्ती भारतात परत आली. राय यांच्या कथेतले सिधू जेठांचे काम येथे एका छायाचित्राने केले. चोरीनंतरच्या तपासापेक्षा चोरीपूर्वीचे पाहणे अधिक उपयोगी पडले.

हा धागा आपल्या घरांपर्यंत येतो. कित्येक कुटुंबांच्या देवघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या धातूच्या मूर्ती आहेत, कपाटांत हस्तलिखिते आहेत. १९७२ च्या अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती आणि ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचे, ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावशेष ठरते. परवान्यावाचून त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खासगीरीत्या ती देशाबाहेर नेता येत नाहीत. दगड, धातू, हस्तिदंत इत्यादींच्या मूर्ती, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी अधिकाऱ्याकडे छायाचित्रांसह करावी लागते. नोंदणी केली म्हणजे वस्तू सरकारजमा होते, हा समज चुकीचा आहे. मालकी कुटुंबाचीच राहते, फक्त ती दुसऱ्याकडे गेल्यास कळवावे लागते. वाटणीच्या वेळी दागिन्यांची यादी ग्रॅममध्ये होते आणि देवघरातील मूर्ती मात्र 'जुनी मूर्ती, नग १' अशा एका ओळीत उरकते. ही ओळ उद्या कोणत्याही न्यायालयात काहीच सिद्ध करू शकणार नाही. उंची, वजन, लेख असल्यास त्याची अक्षरे, चारही बाजूंची छायाचित्रे, एवढे रविवारच्या एका दुपारचे काम आहे.

विदर्भाने हे काम एकदा फार मोठ्या प्रमाणावर झालेले पाहिले आहे. वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील जैन मंदिरांच्या शास्त्रभांडारांत शतकानुशतके पोथ्या साठत गेल्या होत्या. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची तयार केली आणि ती १९२६ साली नागपुरातून प्रसिद्ध झाली. त्या सूचीत कारंजाच्या पोथ्या आल्या आणि विद्वानांचे लक्ष तिकडे वळले. पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केले, 'णायकुमारचरिउ' प्रा. हिरालाल जैन यांनी. दोन्ही ग्रंथ कारंजा ग्रंथमालेत १९३० च्या दशकाच्या आरंभी छापले गेले. सूचीकार हिरालाल आणि संपादक हिरालाल या दोन वेगळ्या व्यक्ती, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. त्यांची गल्लत नेहमी होते. 'सत्यान्वेषी' हे बिरुद या मंडळींना शोभले असते. त्यांनी गुन्हेगार पकडला नाही. वाळवी आणि विस्मृती यांच्या तावडीतून एक भाषा सोडवली.

आता इतवारी. शहराच्या या भागाने कोणा लेखकाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. होम्सची काठी कोणीही हातात घ्यावी. सुरुवात नावांपासूनच होते: इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी. आठवड्याच्या बाजारांचे वार जमिनीला चिकटून राहिले आहेत, आणि रविवारचे नाव मिरवणाऱ्या इतवारीत घाऊक दुकाने आज बहुतांशी रविवारीच बंद असतात. पुढचा माग 'ओळ' या खास नागपुरी शब्दाचा. भांडे ओळ, लोहा ओळ, किराणा ओळ. एका मालाचे व्यापारी एका रांगेत का बसले? सराफा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो? परवारपुरा, लाडपुरा ही नावे कोणत्या ज्ञातींच्या वस्तीची खूण सांगतात आणि त्यांची मंदिरे बाजारापासून किती पावलांवर आहेत? मस्कासाथ या नावात लोणी आहे की आणखी काही? तीन नळ चौकातले नळ आज कोणी पाहिले आहेत?

ही उत्तरे सध्या माणसांच्या डोक्यात आहेत. पेढ्या वर्धमाननगराकडे, त्याहून पुढच्या वसाहतींकडे सरकत आहेत. जुन्या वाड्यांच्या जागी चार मजली इमारती उभ्या राहत आहेत. भाडेकरू बदलतात, पाटी बदलते. नव्या पिढीला दुकानाचा पत्ता मोबाइलचा नकाशा सांगतो, आणि तो अचूकच सांगतो. पण दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून पूर्वी कोणाचे कोठार होते, दोन वाड्यांमधली बोळ कोणी आणि का बुजवली, विहीर कोठे होती, हे त्या नकाशावर नाही. जेबेझ विल्सनचीच ही अवस्था. आज भुयार खणणारा कोणी नाही एवढेच.

तेव्हा एखाद्या रविवारी सकाळी, शटर खाली असताना आणि हातगाड्या भिंतीला टेकलेल्या असताना, आजोबांनी नातवंडांना घेऊन शहीद चौकातून निघावे. वही आणि पेन्सिल मुलांच्या हाती. उजव्या हाताची दुकाने क्रमाने लिहीत जायचे. आज काय आहे ते मुलांनी, पूर्वी काय होते ते आजोबांनी सांगायचे. कोपरा आला की वळायचे आणि मागच्या रस्त्याने परत यायचे, म्हणजे कोणाच्या पाठीला कोणाची पाठ लागून आहे ते कळते. पाऊण तासात एक ओळ होते. सराफ्याला दोन रविवार लागतील.